ग्रेडरसाहेबांचं ग्रीक सॅलड

"दुय्यम माल."

हे दोन शब्द मी त्या माणसाच्या तोंडून किती वेळा ऐकले ते मोजायला बसले तर उरलेलं आयुष्य पुरणार नाही. शब्दांच्या आधी हात चालायचे. समोर येईल ती वस्तू दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची, हळूच ओढायची, तुटली की तुटलेल्या टोकाकडे डोळे बारीक करून पाहायचं आणि मान वर न करता निकाल द्यायचा. कापूस असो, पोळी असो, नाही तर लग्नातली जिलबी. एकदा माझ्या नव्या साडीचा पदर धरला होता. मी हात झटकला नसता तर तोही ओढून पाहिला असता.

असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर नशीबवान आहात.

गेलेल्या माणसाला अहोजाहो करावं म्हणतात. तोंडावर आयुष्यभर 'ग्रेडरसाहेब, ग्रेडरसाहेब' केलं, तेवढं पुरे झालं. आर्वीला सरकारी कापूस खरेदी होती तेव्हा तो तिथे ग्रेडर होता आणि मी कारकून. सकाळपासून कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची. हा बंडीवर चढायचा, वरचा कापूस बाजूला सारून तळातून एक पुंजका काढायचा, ओढायचा आणि ग्रेड बोलायचा. खाली टेबलावर मी ती पावतीवर लिहायची. तो बोलणार, मी लिहिणार, अशी बावीस वर्षं गेली. रांगेतल्या माणसाचा चेहरा मला दिसायचा, त्याला दिसत नसे, कारण त्यानं कधी पाहिलंच नाही.

एकदा रोहण्याहून त्याच्या बापाची बंडी आली. म्हातारा पुढे बंडीच्या धुरेवर बसलेला, डोक्याला नवं उपरणं. मला वाटलं, आज तरी जरा नरम येईल. यानं पुंजका ओढला आणि बोलला, "दुय्यम." मी पेन उचललंच नाही. तर माझ्यावरच खेकसला, "लिहा ना बाई, काऊन थांबल्या?" दुपारी यानं आपला डबा नेऊन बापापुढे ठेवला आणि म्हाताऱ्यानं तो मुकाट्यानं खाल्ला. मी नंतर म्हटलं, अहो, बापाचा कापूस, एक ग्रेड वर लिहिली असती तर आभाळ पडलं असतं का? तर म्हणाला, "बोललेली ग्रेड परत घेत नाई आपन."

हा त्याचा मोठा अभिमान. लोक म्हणायचे, माणूस कडक आहे पण पैसे खात नाही. मी म्हणायची, खाल्ले असते तर निदान कधी कुणाचं तरी भलं झालं असतं.

रिटायर झाल्यावर सुटेन असं वाटलं होतं, तर घर नेमकं माझ्या समोर. मधे आठ पावलांची गल्ली. बायको त्याची पोरगा दहावीत असतानाच गेली. पोरगा प्रफुल्ल, गुणी पोरगा, इंजिनाचं काही शिकून जहाजावर लागला आणि फिरत फिरत ग्रीस देशातल्या एका बंदरात स्थिरावला. बाप एकटा वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची ग्रेड लावायचा.

तीन वर्षांपूर्वीचा दसरा. मी सोनं द्यायला गेलते, तेवढ्यात प्रफुल्लचा व्हिडिओ फोन आला. शेजारी एक पोरगी. भुरे केस, नाकावर तीळ, हात जोडून "नमस्कार बाबा" म्हणाली. चांगलं घोकून आली होती बिचारी. प्रफुल्ल म्हणाला, बाबा, ही एलेनी, आम्ही लग्न करतोय. यानं फोन दोन्ही हातांच्या चिमटीत धरला, डोळे बारीक केले. मला पुढचं कळलं, पण मी काय करणार?

"दुय्यम माल."

पोरगी हसतच होती. तिला काय कळणार? प्रफुल्लला कळलं. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, शब्द परत घ्या." आणि या दगडानं काय म्हणावं? "बोललेली ग्रेड परत घेत नाई आपन." फोन कट झाला. त्यानंतर पोराचा फोन आला नाही, आणि यानंही केला नाही. मी त्या दिवशी सोनं न देताच घरी आले.

असे सात-आठ महिने गेले. मग एका सकाळी हा माझ्या दारात, हातात मोबाईल. म्हणाला, "बाई, याच्यात ग्रीक लोकायचं जेवन कसं पाह्यतेत?" मी माईक दाबून बोलून दिलं. एक मिशाळ म्हातारा निघाला, अंगणात बसून सॅलड करत होता. भाषा एक अक्षर कळत नव्हती. यानं तो व्हिडिओ माझ्या ओट्यावर बसून सहा वेळा पाहिला. विचारलं, काय काम काढलं? तर म्हणे, असंच.

आता सॅलड म्हणजे काय हो? कांदा, काकडी, टमाटर. आमच्याकडे वावरात बायका कांदा बुक्कीनं फोडतात आणि भाकरीबरोबर खातात, त्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. घरी पाहुणा आला तर काकडी बारीक चोचवायची, दाण्याचं कूट, दही, वरून हिरवा सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. माझी काकडी इतकी बारीक की सासूसुद्धा खोड काढू शकली नाही. आणि हा माणूस करून काय आणतो? टमाटराच्या या एवढाल्या फोडी, काकडीचे अंगठ्याएवढे तुकडे, कांद्याची कडी. त्यावर पनीरची अख्खी वडी, न कुस्करता. मी म्हटलं, ग्रेडरसाहेब, हे बैलापुढे ठेवायचं का माणसापुढे? तर म्हणाला, "तिकडं मोठंच चिरतेत. तोंडात काकडी काकडीसारखी लागली पायजे."

तो म्हातारा पाट न घेता हातातच चिरत होता, म्हणून हाही हातात चिरायचा, सुरी अंगठ्याकडे ओढून. अंगठ्याला कायम पट्टी. काकडीचं टोक कापून घासायचा, फेस काढायचा, मग चिरायचा. मी म्हटलं, तो म्हातारा तर घासत नाही. तर मला शिकवतो, "कडू पह्यले काढा लागते, बाई."

तेलाचं ऐका. व्हिडिओत वरून तेलाची धार सोडत होते. कुणीतरी सांगितलं ऑलिव्हचं तेल. हा गेला मेडिकलमध्ये आणि तान्ह्या लेकरांच्या अंगाला लावायची बाटली घेऊन आला. ती सॅलडवर ओतली, स्वतः खाल्लं आणि वाटी घेऊन माझ्याकडे आला. मी बाटलीवरचं गुबगुबीत बाळ दाखवलं. दोन दिवस तोंड दाखवलं नाही. मग घाण्यावरून जवसाचं कच्चं तेल आणलं आणि तेच कायम केलं.

पण खरी मजा जांभळाची. व्हिडिओत म्हाताऱ्यानं एका बरणीतून काळी, गोल, चकचकीत फळं काढली आणि सॅलडवर टाकली. मिठाच्या पाण्यातली. तुम्ही आम्ही पिझ्झावर पाहिलेली. हा पिझ्झा न खाल्लेला माणूस. त्यानं पाहिलं आणि ओळखलं, जांभूळ! ते जूनचेच दिवस. जुन्या जिनिंगच्या आवारात जांभळाचं झाड आहे, तिथून पिशवीभर वेचून आणली आणि मिठाच्या पाण्यात घातली. पंधरा दिवसांत बरणीला असा बुरा आला की मी तिला माझ्या फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. तेव्हा सांगितलं, साहेब, ते जांभूळ नव्हे, ऑलिव्ह. वेगळं झाड. गल्लीत ही गोष्ट मीच सांगितली, का खोटं बोलू? चार घरं पोट धरून हसली. लेकरं त्याला 'जांभूळसाहेब' म्हणायला लागली.

कुणालातरी सांगून त्यानं नागपूरहून ऑलिव्हची बाटली मागवली. एक तोंडात टाकलं आणि थुंकलं. साबनाच्या पान्यासारखं लागते म्हणे. पुढच्या जूनमध्ये पुन्हा जांभळं. या वेळी आधी गच्चीवर चार दिवस वाळवली, मग मीठ. बरणी टिकली. मी म्हटलं, आता तरी कळलं ना ते जांभूळ नाही? तर म्हणाला, "डब्यातलं कोनीबी देईन. घरी आलेल्या मानसाले घरचं द्या लागते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, कोण येणार आहे घरी?

पट्टीचा अंगठा चोळला. मग म्हणाला, "पोरगी आली तं काय देऊ तिले खायले? आपलं तिखट?"

तर हे असं होतं. ज्या पोरीला फोनवर पाहून दुय्यम म्हणाला, तिच्यासाठी हा वर्षभर काकड्या चिरत होता. पोराला एक फोन लावणं यापेक्षा सोपं होतं हो, पण नाही. व्हिडिओतला म्हातारा वरून कसलासा सुका पाला चुरतो म्हणून माझ्या कुंडीतला ओवा ओरबाडून नेईल, पेपरवर वाळवेल, गवळाऊ गाईचं दूध शोधत गावाच्या कडेला जाईल, त्याचं पनीर वरवंट्याखाली दाबून मिठाच्या पाण्यात ठेवेल, पण तोंड उघडणार नाही. मी स्पष्ट म्हटलं, ही नाटकं सोडा आणि फोन करा. तर म्हणे, पोरगा करन. मी म्हटलं, पोरगा कशाला करेल? शेण तुम्ही खाल्लं. तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता वाटी पुन्हा माझ्या ओट्यावर.

ती वाटी रोज यायची. "चाखून सांगा." मी दोन फोडी खायची आणि म्हणायची, जनावराचं खाणं. मग तो स्वतः एक फोड घ्यायचा, हळू चावायचा आणि म्हणायचा, "दुय्यम हाय अजून." रोज. आपल्या स्वतःच्या कामाची ग्रेड लावताना मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. वाईट वाटायला पाहिजे होतं मला. वाटलं नाही. मला बरं वाटायचं, खरं सांगते. म्हटलं, घे आता. धुरेवरच्या म्हाताऱ्याला कसं वाटलं असेल ते बघ.

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. वाटी नव्हती. हातात मोबाईल. धुतलेला सदरा घातलेला. ओट्यावर न बसता उभाच राहिला आणि म्हणाला, "बाई, मले लिहिता येते, तसं नाई. पन हे माह्या हातून होऊन नाई राह्यलं. मी बोलतो, तुमी लिहा. पह्यल्यावानी."

मी मोबाईल हातात घेतला. तो बंडीवर उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला, गल्लीच्या टोकाकडे पाहत, आणि बोलला.

"लिहा. पोरीले घेऊन ये. माल न पाहता बोललो मी. ग्रेड चुकली."

बावीस वर्षं आणि वर रिटायरमेंटची इतकी वर्षं, या माणसाच्या तोंडून असं काही मी ऐकलं नव्हतं. माझं काम काय होतं? तीन ओळी. दोन मिनिटं. पण माझ्या डोळ्यांपुढे कोण आलं, तर 'काऊन थांबल्या' म्हणून माझ्यावर खेकसणारा ग्रेडरसाहेब. मी मोबाईल परत त्याच्या हातात दिला. म्हटलं, आजवर तुमचे सगळे निकाल मी लिहिले. हा एक तुमच्या हातानं लिहा.

त्यानं मोबाईल खिशात ठेवला. जाताना फाटकाची कडी लावून गेला, जी तो कधी लावत नसे.

मी आत येऊन स्वतःवर खूश होते. बरी जिरवली म्हटलं. एवढी वर्षं मनात ठेवलेलं बाहेर निघालं. दोन-चार दिवसांनी वाटलं, जाऊ दे, लिहून द्यावं. पण तो मागायला आला नाही आणि मी काय म्हणून जाऊ? पाहा, रोग लागतो शेजाऱ्याचा.

वाटी मात्र पुन्हा सुरू झाली होती. दिवाळी झाली, कापसाचा पहिला वेचा घरोघर आला. एका सकाळी पाहते तर माझा ओवा पुन्हा मुळापर्यंत खुडलेला. मी फाटकात उभी राहून समोर वऱ्हांड्यात बसलेल्या त्याला झाडायला लागले. काय समजता, कुंडी तुमच्या बापाची आहे का, एक तर ते भिकार सॅलड खा आणि वर आमची झाडं मारा. चांगली दहा मिनिटं बोलले. उलट उत्तर येईना, तशी मला आणखी चेव आला. गल्ली ओलांडून वर गेले, तेव्हा कळलं की मी कुणाला बोलत होते. मांडीवर पेपर होता. पेपरवर ओव्याची पानं एकेक सुटी करून मांडलेली.

प्रफुल्लला फोन मीच केला. त्याच मोबाईलवरून. तेव्हा बरे चालले माझे हात. आधी आत शोधलं, म्हटलं याच्या हातून दोन शब्द गेले असतील, नाही तर लिहून ठेवले असतील. काही नव्हतं. एक तो मिशाळ म्हातारा होता फक्त.

अग्नी रोहण्याच्या पुतण्यानं दिला. प्रफुल्ल आणि एलेनी पोचले तोवर अकरावा दिवस उजाडला होता. तेरवी झाली, पाहुणे गेले. पोरगा कोरड्या डोळ्यांनी घर आवरत होता. मला म्हणाला, काकू, सामान वाटून टाकतो आणि कुलूप लावतो, परत कशाला यायचंय? त्याचं काय चुकलं? बापानं त्याला एवढंच दिलं होतं. ती पोरगी कोपऱ्यात स्टुलावर बसून, न कळणाऱ्या भाषेतले पेपर घडी करत होती.

मी म्हटलं, दोघं जेवल्याशिवाय जायचं नाही. त्याच्या स्वयंपाकघरात गेले. बरणी होती, मिठाच्या पाण्यात पनीरची शेवटची वडी अजून होती, तेल होतं. ओवाही होता, पेपरसकट उचलून मीच ठेवला होता. काकड्या टमाटर माझ्या घरून. आणि सांगू? माझे हात बारीक चिरायला निघाले होते. मी पाट बाजूला ठेवला. काकडीचं टोक घासून फेस काढला आणि हातातच चिरायला घेतली, मोठी, बैलापुढे ठेवतात तशी. अंगठा कापलाच. वरून पनीरची अख्खी वडी, जांभळं, तेलाची धार, चुरलेला ओवा.

टेबलावर वाटी ठेवली तसा प्रफुल्ल उभाच राहिला. विचारलं, "हे काय?"

मी सांगितलं. लेकरांच्या तेलाची बाटली, बुरा आलेली बरणी, पट्टी, रोज दहाची वाटी, सगळं. तो ऐकत होता आणि मधूनमधून तिला तिच्या भाषेत सांगत होता. कुठे कुठे थांबत होता. ती तोवर खायला लागली होती. जांभूळ तोंडात टाकलं, जरा दचकली. पण आत बी असणार हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तो चाखायला द्यायचा तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येकानं, खारवलेल्यात बी कशाला असेल म्हणून, ती कचकन चावली होती. हिनं अलगद बाहेर काढली, ताटलीच्या कडेला ठेवली, आणि दुसरं घेतलं. बियांची रांग लागली. दात जांभळे, जीभ जांभळी.

मग ती बरंच काही बोलली. मी प्रफुल्लकडे पाहिलं. तो म्हणाला, "म्हणते, तेल कडू आहे. चीज हे चीज नाही. आणि हे काळं फळ काय आहे तिला माहीत नाही." मग वाटीतल्या फोडींकडे पाहिलं. "पण म्हणते, चिरलंय बरोबर. तिच्या घरी असंच चिरतात."

एवढ्यावर मला थांबता आलं असतं. पोराचे डोळे भरले होते, बापाचं चांगलं झालं होतं, माझंही झाकलेलं राहिलं असतं. पण वाटी त्याची होती आणि लिहायचं काम माझं. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, जुनं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला वर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घातली. खाली त्याचं बोलणं लिहिलं, जसंच्या तसं. पोरीले घेऊन ये. माल न पाहता बोललो मी. ग्रेड चुकली. पावतीवर करायची तशी कोपऱ्यात माझी सही केली आणि कागद प्रफुल्लच्या हातात दिला.

त्यानं वाचला. पुन्हा वाचला. तारखेवर बोट ठेवून म्हणाला, "हे तुम्ही तेव्हा का नाही लिहिलं?"

"मस्ती," मी म्हटलं. "त्याची नाही. माझी."

तो मला काही बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि खाली पाहत म्हणाला, "मी त्याच दिवशी तिकीट काढलं असतं, काकू."

एलेनी आमच्या दोघांकडे पाहत होती. तिला काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. तिनं वाटी उचलली आणि माझ्यापुढे सरकवली. एवढ्या दिवसांत दोन फोडींवर मी कधी खाल्लं नव्हतं. जांभूळ तोंडात टाकलं. खारट, तुरट, जीभ आखडून टाकणारं. दुय्यम माल. पण बोलले नाही. गुपचूप खाल्लं, बी बाहेर काढली आणि तिच्या रांगेत ठेवली.